खरवडलेलं लेबल

हर्षलला अतिशहाणपणा नडला, एवढं म्हणून विषय मिटला असता तर त्यालाही बरं वाटलं असतं.

नगरजवळच्या केडगावातल्या त्याच्या दोन खोल्यांत चारेकशे रेकॉर्डी होत्या आणि इन्स्टाग्रामवर ‘काळी चकती’ नावाचं पान होतं. दिवसा एमआयडीसीत सुपरवायझर, उरलेल्या वेळात हिप-हॉपच्या नव्या अल्बमांची चिरफाड आणि जमैकाच्या जुन्या रेगे संगीताचं तोंडभर कौतुक. कुठली रेकॉर्ड पुन्हा छापून येणार, कुठल्या रॅपरनं कुणाचा ठेका उचलला, सगळी खबर आधी त्याच्याकडे. नगरची पोरं त्याचा शब्द प्रमाण मानायची. हळूहळू तोही मानायला लागला, आणि तिथेच गोम होती.

उन्हाळ्यात एका जुन्या लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीत त्याला एक छोटी रेकॉर्ड सापडली. दोन बायका ऊसतोडीचं गाणं म्हणत होत्या, मागे हलगी. रेगेत गिटार वाजते तशी ही हलगी बरोबर दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होती. हर्षल ऐकून उडालाच.

आता जमैकात गल्लीबोळांत भलेमोठे स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवणारे लोक एक युक्ती करायचे. हुकमी रेकॉर्ड हाती लागली की तिचं लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे गाणं कुणाचं ते पलीकडच्या गल्लीला कळू नये. हर्षलनं हे कुठेतरी वाचलेलं. पुण्याचा एक संग्राहक रविवारी त्याच्याकडे यायचा होता, म्हणून शनिवारी दुपारी यानं ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंची लेबलं भिजवली आणि नखानं सोलून काढली. फोटोसुद्धा काढून ठेवला नाही. मग ‘गायिका अज्ञात’ असं लिहून गाण्याचा तुकडा पानावर टाकला. हजारो लोकांनी ऐकला. कोण, कुठल्या, असं विचारून त्यांनी पिच्छा पुरवला आणि हा पठ्ठ्या गालातल्या गालात हसत बसला.

महिनाभरानं पाथर्डीकडच्या एका गावातून निकिता नावाच्या मुलीचा फोन आला.

“दादा, त्यातला पहिला आवाज माझ्या आजीचा आहे, रंगुबाईचा. दुसरा तिच्या बहिणीचा. तिला सगळे नुसतं धाकली म्हणायचे, दुसरं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. रेकॉर्डवाल्या साहेबानं नाव विचारलं, तेव्हा तिनं मनानंच एक नाव सांगितलं. तेच छापलं. पुढच्या हंगामात ती वारली. आमची रेकॉर्ड कारखान्यावर आमच्या कोपीला, पाचटाच्या झोपडीला, आग लागली त्यात गेली. आजीला ते नाव आता आठवत नाही, पण तिचा एकच ध्यास आहे, ते एकदा ऐकायचं. लेबलवर बघून सांगाल?”

“बघून सांगतो,” हर्षल म्हणाला.

आठ दिवस त्यानं संग्राहकांचे सगळे ग्रुप पालथे घातले. दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. कंपनी केव्हाच बुडालेली. डोळे मिटून तो ते लेबल आठवत बसायचा. निळा रंग आठवायचा, वर ‘रंगुबाई’ आठवायचं, त्यापुढे ‘आणि’. मग फक्त स्वतःचं नख दिसायचं. स्वतःचीच त्याला किळस आली. शेवटी रेकॉर्ड आणि लहानसा प्लेअर घेऊन तो पाथर्डीच्या एसटीत बसला. वाटेत त्यानं एक नाव ठरवूनही टाकलं, सुमन. कुणाला कळणार होतं?

रंगुबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. गाणं सुरू झालं तशा त्या निश्चल झाल्या. दुसरा आवाज आला आणि त्यांनी बोट वर केलं.

“ही धाकली,” त्या म्हणाल्या. गाणं संपेपर्यंत बोट तसंच होतं. मग हर्षलकडे वळल्या. “आता सांग बाबा तिचं नाव.”

सुमन ओठांपर्यंत आलं होतं. पण म्हातारीचे डोळे बघून ते बाहेर पडेना.

“आजी, लेबल मीच काढलं,” हर्षल म्हणाला. “नखानं खरवडलं. दुसऱ्या कुणाला तुमचा पत्ता लागू नये म्हणून.”

निकिता त्याच्याकडे बघतच राहिली. रंगुबाई मात्र विचारात पडल्या.

“न वाचताच काडलंस व्हय?”

“नाही. वाचलं होतं.”

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. “मंग सांग की! वाचलंय तर तुज्या ध्यानात आसंल.”

हर्षलची मान वर होईना. तबकडीवर कोरलेला नंबर त्याला तोंडपाठ होता. छापल्याचं सालही पाठ होतं. नाव त्यानं वाचलं होतं ते फक्त दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.

“नाही आठवत, आजी.”

म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. तिनं प्लेअरवरची रेकॉर्ड मांडीवर घेऊन पदरानं पुसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आठवंल. लई शिकलेला दिसतोस. आठवलं की लगीच फोन कर. मी हाय आजून.”