कुंडलिकची तहान

फाल्गुनातल्या एका रविवारी, भर दुपारी, खैरपाड्यावर कुंडलिक भेरेंच्या अंगणात दीडशे माणसं हात जोडून उभी होती आणि त्यांच्यासमोर एक कुत्रा खीर खात होता. घमेलं मोठं होतं. कुत्र्याने ते चाटूनपुसून साफ केलं, मग शेजारच्या बादलीत तोंड घातलं आणि पाणी पीत राहिला. एवढ्या माणसांत दुसरा आवाज नव्हता. फक्त ते लपलप पाणी पिणं.

"ऐका," वरदबाबा हळू आवाजात म्हणाले. "तहान ओळखीची वाटते का?"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मी गुरांची डॉक्टर. शहापुरात माझा छोटा दवाखाना आहे. गाईम्हशी, शेळ्या आणि हल्ली वाशिंदच्या नव्या इमारतींतली लाडावलेली कुत्रीही माझ्याकडे येतात. या अंगणात मला आणलं होतं कुणालीने, म्हणजे कुंडलिकच्या मुलीने. ती वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आदल्या दिवशी ड्यूटी संपवून ती दवाखान्यात आली होती. "मॅडम, आमचा भुऱ्या फुगत चाललाय. दम लागतो त्याला. आई त्याला डॉक्टरकडं न्यायला देत नाय. तुमीच येता का?"

येताना तिने मला सगळं सांगितलं. कुंडलिकला दहा वर्षं मधुमेह होता. मार्गशीर्षात तो हृदयाच्या झटक्याने गेला. भुऱ्या त्याचा गावठी कुत्रा, त्याच्या पायात वाढलेला. त्या दिवसापासून भुऱ्याने अन्न सोडलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तास गेला, दोन तास गेले. तेवढ्यात झुडपातून भुऱ्या आला आणि सगळ्यांदेखत तो पिंड खाऊन गेला. नऊ दिवसांच्या उपाशी कुत्र्याला तूप घातलेला भात दिसला, तर तो दुसरं काय करणार? पण पाड्यावर त्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली.

पौषात मुरबाडकडून हे वरदबाबा आले. सुंदरावहिनींना, कुंडलिकच्या बायकोला, त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "तुमच्या मालकाची वासना राहिलीय. गोडात राहिलीय. खीर मागितली होती त्याने, आणि तुम्ही नाही म्हणालात." सुंदरावहिनी जागच्या जागी खाली बसल्या. कारण ते खरं होतं. जाण्याच्या दोन दिवस आधी कुंडलिकने खीर मागितली होती आणि साखर वाढेल म्हणून त्यांनी दिली नव्हती. पिंडानंतरही भुऱ्या जेमतेमच खात होता, म्हणून बाबांनी त्याच्यासाठी अंगाऱ्याच्या पुड्या दिल्या. रोज एक, गुळात घालून. आठवड्यात भुऱ्या खायला लागला. आणि असा खायला लागला की थांबेना.

"वासनेला वजन असतं, माऊली," बाबा आता अंगणात सांगत होते. "परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मशीन लावून मोजलंय. मोबाइलचा टॉवर दिसतो, रेंज दिसते का? तसा हा कुत्रा म्हणजे टॉवर आणि कुंडलिक म्हणजे रेंज."

दोन गड्यांनी भुऱ्याला उचलून भात मोजायच्या काट्यावर ठेवलं. एकोणतीस किलो. पौषात तो एकोणीस होता. माणसं काट्याच्या पाया पडली आणि अंगाऱ्यासाठी रांगेत लागली. गुडघे, कंबर, दमा, भूक न लागणं, सगळ्यांवर तीच पुडी.

गर्दी पांगल्यावर मी भुऱ्याला तपासायला बसले. पडवीत कुंडलिकची बसायची जागा होती, भिंतीला तेलकट डाग पडलेली. कुत्रा तिथेच पसरला होता. पोट हंड्यासारखं, पाय काटक्यांसारखे, कुशीवरचे केस विरळ झालेले. बसल्या जागी धापा टाकत होता. दर पाच मिनिटांनी उठायचा, पाणी प्यायचा, दारापर्यंत पोचायच्या आत लघवी व्हायची, आणि परत त्याच जागेवर येऊन माझ्याकडे बघत बसायचा.

"असाच प्यायचा तो," सुंदरावहिनी दारातून म्हणाल्या. "शेवटचं वरीस असंच. तांब्या पुरायचा नाय. असाच उठायचा, असाच येऊन बसायचा. मी फरशी पुसते तवा मला वाटतं, अजून त्याचीच सेवा करते."

मी आयुष्यात भूत मानलेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या पडवीत माझ्या मानेवर काटा आला. कुत्रा मेलेल्या माणसाच्या जागेवर बसून त्याच माणसाचा आजार जगत होता.

आधी मला मधुमेहाचीच शंका आली. यंत्रावर रक्त तपासलं, साखर जेमतेम वाढलेली होती. म्हणजे तो नाही. मग अशी भूक, अशी तहान, असं पोट, असे झडलेले केस. हे मी पाहिलं होतं. खाजेसाठी महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्या कुत्र्यांमध्ये.

"याला कसली गोळी चालू आहे?"

"गोळी नाय बाय. निस्ता अंगारा."

तेवढ्यात सुंदरावहिनींची मोठी जाऊ गिरजाकाकू चहा घेऊन आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना काठीशिवाय चालता येत नव्हतं म्हणे, आता ताठ चालत होत्या. त्यांनी कप पुढे केला आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. चेहरा चंद्रासारखा गोल, गाल सुजल्यासारखे भरलेले, मानेमागे मांसाचा उंचवटा. मघाच्या रांगेतले तीन-चार चेहरे मला आठवले. सगळे असेच गोल. एकाच साच्यातून काढल्यासारखे. आता मला खरी भीती वाटली, पण ती भुताची नव्हती.

"काकू, तुम्हीही पुडी घेता?"

"पौषापासनं. गुण हाय बघा. भूकपण लय लागते."

मी एक पुडी मागून घेतली. कुणाली म्हणाली, "मॅडम, मी ती जिभेला लावून बघितली. कडूजार लागते. आमच्या चुलीची राख खारट लागते, कडू नाय." तिने घरातल्या बाकीच्या पुड्याही आणून उघडल्या. एका पुडीत राखेत पांढरा तुकडा होता, नखाएवढा. कुटताना राहून गेलेला. त्याच्या मधोमध अर्धी रेघ स्पष्ट दिसत होती. गोळी अर्धी मोडण्यासाठी कारखान्यात पाडतात ती रेघ.

मी पुड्या ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या आणि अहवालाची वाट न बघता दोन दिवसांनी सुंदरावहिनींसमोर जाऊन बसले. त्यांना सगळं सांगितलं. भुऱ्याची भूक आणि तहान औषधाची आहे. औषध एकदम तोडलं तर तो कोसळेल, म्हणून मोजून, उतरत्या मात्रेने बंद करावं लागेल. आणि आजपासून खीर बंद. दोन वेळा मापाने जेवण, थोडा भात, उकडलेलं अंडं, दुधी, आणि सकाळ-संध्याकाळ बांधापर्यंत फिरवणं.



"तुमी मला परत तेच करायला सांगता," त्या म्हणाल्या. "दहा वरसं त्याच्या ताटातलं मी काढून घेतलं. भात कमी, गोड बंद. सगळी म्हणायची, सुंदरा नवऱ्याला उपाशी ठेवते. शेवटाला मागितलं तेपण दिलं नाय. ते अजून कानात हाय माझ्या. आता हा असा बघतो आणि मी परत नाय म्हणू?"

मी कुणालीकडून कुंडलिकची दवाखान्याची फाइल घेतली होती. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना ती दाखवलीही होती. "वहिनी, त्यांच्या हृदयाच्या नळ्या दोन वर्षांपासून खराब होत्या. वाटीभर खीर दिली असती तर ते वाचले नसते. दिली नाहीत म्हणून गेले असंही नाही. तुम्ही दहा वर्षं नाही म्हणालात, त्यातली किती वर्षं त्या 'नाही'ने मिळाली ते मी मोजून सांगू शकत नाही. पण मिळाली, एवढं नक्की."

"आणि बाबांना खिरीचं कसं कळलं? ते घरातल्या घरात झालं होतं."

कोपऱ्यात गिरजाकाकू होत्या. त्यांनी मान खाली घातली. "मीच बोलले गो. पहिल्यांदा मुरबाडला गुडघ्यासाठी गेलते ना, तवा. तो घरचं सगळं विचारत बसला, मी बोलत गेले."

सुंदरावहिनींनी जावेकडे बघितलं. रागावल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि खिरीसाठी काढलेलं पातेलं फडताळात ठेवून दिलं.

पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. भुऱ्या रात्रभर दार खरवडायचा, शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. शेजारणी भाकरी टाकायच्या आणि सुनावायच्या, "मेल्यावर तरी खाऊ दे त्याला." सुंदरावहिनी जाऊन भाकरी उचलायच्या. मी दिलेल्या गोळ्या त्या न चुकता देत होत्या, कमी कमी करत. बादलीला आतून कोळशाची रेघ मारून तो किती पाणी पितो ते बघत होत्या. बाबांच्या पुड्या येतच होत्या. त्या घेत होत्या आणि डब्यात टाकत होत्या. दुसरा आठवडा संपला तेव्हा कुणालीचा फोन आला. "मॅडम, आई रडते. भुऱ्या आज घरात मुतला नाय. पाणीपण साधंच प्यायला. ती म्हणते, तो गेला. आता खरा गेला."

मी फोन ठेवला. वहिनींचं भूत मी काढलं होतं, आणि त्या भुतासोबत त्यांचा नवराही नेला होता. असं काही पुस्तकात शिकवत नाहीत.

चौथ्या रविवारी बाबा पुन्हा आले आणि अंगण भरलं. प्रयोगशाळेचा कागद आदल्याच दिवशी आला होता, तो माझ्या पर्समध्ये होता. बाबांनी भुऱ्याला समोर घेतलं. तो थोडा उतरला होता, पण पोट अजून होतं, त्यामुळे लांबून फरक कळत नव्हता.

"आज कुंडलिक फार तहानलाय," बाबांनी डोळे मिटून सुरुवात केली. "माझ्या अंगाऱ्याची शक्ती आज पूर्ण चढलीय. बघा आता."

घमेलं पुढे आलं. भुऱ्याने खीर हुंगली, तीन-चार वेळा चाटली, आणि वळून सुंदरावहिनींच्या पायाशी जाऊन बसला. बादलीकडे त्याने बघितलंही नाही.

"आत्मा रुसलाय," बाबा म्हणाले. "कुणीतरी विटाळ केलाय."

"रुसला नाय," सुंदरावहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सकाळी त्याचं खाणं झालंय, मापाचं. पोट भरलंय त्याचं. आणि तुमचा अंगारा त्याच्या पोटात तीन आठवडे गेलेलाच नाय." त्यांनी डबा उघडून काट्यावर उपडा केला. बंद पुड्यांचा ढीग पडला. "ह्या तुमच्या. तुमी म्हणता शक्ती चढली. कशानं चढली?"

बाबा म्हणाले, श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही. कुणालीने वाट अडवली नाही. फक्त विचारलं, "मग यातली एक तुमी खाऊन जा." त्यांनी पुडीला हात लावला नाही. गाडीकडे चालत गेले ते परत आले नाहीत.

मग मी कागद वाचून दाखवला. राखेत स्टेरॉइडची गोळी कुटून मिसळलेली होती. ते खरं औषध आहे, डॉक्टर ते विचार करून, मोजून देतात. त्याने दुखणं लगेच दबतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. त्याने भूक आणि तहान भडकते, अंगावर सूज येते, साखर चढते. भुऱ्याच्या अंगात कुंडलिक नव्हता, गोळी होती. आणि काट्यावर वाढलं ते वासनेचं वजन नव्हतं. ती गोळीने पेटवलेली भूक होती, आणि तुम्ही सगळ्यांनी प्रेमाने भरवलेली खीर होती.

"आणि आमच्यात?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमच्यातही तेच. पण आजच्या आज पुडी फेकून मोकळे होऊ नका. एकदम सोडलं तर जीव जाऊ शकतो. उद्या सकाळी माझ्या ओळखीचे डॉक्टर इथे येतील, त्यांना पुडी दाखवा, ते सांगतील तशी सोडा."

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस जण तपासले गेले. गिरजाकाकूंची साखर साडेतीनशेच्या वर निघाली. आयुष्यात त्यांना कधी मधुमेह नव्हता. त्यांना बरं व्हायला उन्हाळा गेला आणि गुडघे पुन्हा दुखायला लागले. ते दुखणं खरं होतं, त्यावर आता खरे उपचार चालू आहेत. बाबांवर आम्ही रीतसर तक्रार दिली आहे. ती चालेल तशी चालेल.

श्रावणात सुंदरावहिनी भुऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. साडेएकवीस किलो. कुशीवर नवे केस आले होते. त्याने टेबलावरून माझ्या डब्याकडे आशेने बघितलं आणि त्या म्हणाल्या, "नाय रे." तो शेपूट हलवत गप्प बसला.

"वहिनी, अजून वाटतं का, ते येतात म्हणून?" मी विचारलं.

"येतो ना. मनात येतो. तिथं यायला त्याला कुत्रा लागत नाय."

हे लिहायला मी त्यांची परवानगी घेतली, तेव्हा त्यांनी एक अट घातली. आपल्याला शहाणी म्हणून लिहायचं नाही, आपण फसलो होतो असंच लिहायचं. म्हणून तसंच लिहिलं. दुःखात माणूस फसतो, त्यात लाज नाही. पण तुमच्या घरात कुणी पुडी दिली, मग ती माणसासाठी असो की मुक्या जनावरासाठी, तर देणाऱ्याला आधी विचारा, यात काय आहे. तो सांगत नसेल तर ती कुणाच्याही तोंडात घालू नका. डॉक्टरकडे घेऊन जा. गुण आला तरीही विचारा. गुण आला तर नक्कीच विचारा.