जयवंताबाईंच्या नावाची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. मला जुनी म्हटलेलं चालतं, मोडीतली म्हटलेलं चालत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासाराने मला ठोकून ठोकून घडवलं. अजूनही ऊन पडलं की त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या पोटावर दिसतात. पारशिवनीच्या जयवंताबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून आले. आंदणाच्या भांड्यावर नाव घालायची तेव्हा रीत होती, म्हणून माझ्या काठावर 'सौ. जयवंता' असं कोरलेलं आहे. मला काही वाचता येत नाही. पण बाई ते नाव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, म्हणून मला माहीत.

मी खूप राबले. सणासुदीची कणीक माझ्यात तिंबली. लेकींच्या लग्नात जावयांचे पाय माझ्यातच धुतले. शेजारणी म्हणायच्या, "काय वजनदार परात आहे वं तुही!" मग घरात स्टीलच्या पराती आल्या. हलक्या, चकचकीत, हातून पडल्या की घरभर बोंबलणाऱ्या. मला माळ्यावर टाकलं. तिथे जुन्या गोधड्यांखाली मी काळी पडत राहिले. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही. माळा म्हणजे माळाच असतो.

खाली उतरले ती बालवाडीमुळे. आमच्या गल्लीत भावनाताई बालवाडी चालवते. तिने घराघरांत निरोप धाडला, की पोरांना खेळायला घरात पडून असलेलं काहीतरी द्या. बाकीच्यांनी प्लास्टिकचे डबे, झाकणं, फुटक्या चाळण्या दिल्या. जयवंताबाईंनी नाक मुरडलं. "आमच्या घरून प्लास्टिक जाते काय? काढा माही परात!"

त्यांचा नातू गोलू त्याच बालवाडीत जायचा. मी पोचले, त्याने मला पाहिलं आणि तो सरळ माझ्यात मांडी घालून बसला.

"माह्या आजीची परात आहे. तिच्यावर नाव आहे. कोणी हात लावायचा नाही!"

खरं सांगू का, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणी माझ्यावर हक्क सांगत होतं. पण दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसून. बाकीची पोरं डब्यांचं दुकान मांडत होती, चाळणीतून माती गाळून 'साखर घ्या, साखर' ओरडत होती. हा मात्र माझी राखण करत होता. त्याला कोणी बोलावेना, आणि उठलो तर परात जाईल म्हणून हाही उठेना. घरी जाऊन मात्र रडला, की माझ्याशी कोणी खेळत नाही.

झालं! जयवंताबाई तावातावाने आल्या.

"काहून वं भावना, माह्या लेकराले वाळीत टाकलं काय? पाटी नाही, पेन्सिल नाही, नुसती माती खेळवून राहिली. माती खेळाले तर आमचं अंगणच आहे. सोमवारपासून याले कॉन्व्हेंटात टाकतो. परातही घेऊन जातो माही."

भावनाताई आवाज न चढवता म्हणाली, "काकू, पाटी येईलच. आधी मागता यावं लागते, थांबता यावं लागते. ते पाटीवर नाही शिकवता येत. शनिवारपर्यंत राहू द्या."

"शनिवारपर्यंत. मंग मी कोणाचं ऐकत नाही," असं म्हणून बाई गेल्या. कोणाचं न ऐकणं त्यांना नवीन नव्हतं.

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, जवळ आला होता. पोरांनी आपापले बैल आणले होते. भावनाताईने सांगितलं, "चिंचेखाली बैलांसाठी गोठा बांधा. रेती फाटकाजवळ पडली आहे. न्यायला परात घ्या."

गोलूने मला काठोकाठ भरलं. एकट्याने. पावसाने भिजलेली रेती ती! उचलायला गेला, मी हलले नाही. ओढलं, तरी नाही. मी मुद्दाम करत नव्हते, मित्रांनो. माझं वजनच तसं आहे.

भैरवी नावाची पोरगी कमरेवर हात ठेवून बघत होती. "उचल ना आता. तुही आहे ना परात?"

गोलूचं तोंड रडवेलं झालं. त्याने भावनाताईकडे पाहिलं. ती मुद्दामच दुसरीकडे बघत होती. गोलूने त्याच्या बैलाकडे पाहिलं, मग भैरवीकडे.

"तू तिकून पकडतं काय?" तो हळूच म्हणाला.

"मोहितले पण बोलाव. जड आहे."

"मोहित, ये ना रे!"

मोहित आला, विक्की आला. चौघांनी काठ धरला. पण एकाने आधी उचललं, एकाने नंतर. मी कलंडले आणि रेती सगळ्यांच्या पायावर. भांडण झालं, अंगावर रेती उडाली. मग भैरवीनेच तोडगा काढला. आधी 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि तीनला उचलायचं. मोहितला दोनपुढे येत नव्हतं, ते त्याला त्या दिवशी आलं. अर्धीच भरली तर लवकर पोचते, हेही त्यांचं त्यांनाच कळलं. "थांब, हात घसरून राहिला," असं कोणी म्हटलं की सगळे थांबायचे. चौघांनी चार बाजूंनी धरलं आणि मी जमिनीवरून उठले की माझंही पोट हलकं व्हायचं.

शनिवारी विक्की आला नव्हता. गोठ्याची शेवटची खेप भरून ठेवली होती आणि एक बाजू रिकामी होती. तेवढ्यात फाटकातून जयवंताबाई आल्या. तरातरा येऊन त्यांनी वाकून माझा काठ धरला.

"आजी, थांब!" गोलू ओरडला. "मोजल्याबिगर उचलायचं नाही!"

घरी बाईंना 'थांब' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. बाई वाकल्या तशाच राहिल्या.

"मी परात न्याले आली, गोलू."

"आधी गोठ्यात न्यायची. तू विक्कीच्या जागेवर आहे. भैरवी, आजीले शिकव."

"तीन म्हटलं की उचला, आजी. आधी नका उचलू, नाहीतर सांडते," भैरवीने दम दिला.

बाईंनी पदर कमरेला खोचला. त्यांच्या अंगठ्याखाली त्यांचंच नाव होतं. चौघांनी मोजलं, चौघांनी उचललं. बाई मोठ्या पावलाने निघाल्या तर गोलू म्हणाला, "आमच्यासंगं चाल ना!" त्या त्यांच्यासंगं चालल्या. चिंचेखाली रेती ओतली. बैलांचा गोठा पुरा झाला.

बाईंनी हात झटकले. मला पालथी घातली, पोट निरखलं आणि भावनाताईला म्हणाल्या, "काय हालत केली वं माह्या परातीची! चिंच लावून घासत जा. आणि सोमवारी गोलू येईल, तर त्याच्या डब्यात पोहे देऊ की थालीपीठ?"

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. माझी तुमच्याजवळ एकच मागणी आहे. घरी जाऊन मोठ्यांना सांगा, माळ्यावरून एखादं भांडं आमच्या खेळायला काढून द्या. हलकं नको. एकट्याला उचलणार नाही, असं बघून द्या. आणि खेळून झालं की घासून ठेवा. कोरलेल्या नावात रेती राहते, तिथे जरा जोर लावा.