सगळी अठरा गाणी, खऱ्या आवाजात

माझ्या कानांचं मलाच फार कौतुक. पंचाहत्तरीला गुडघे गेले, दात गेले, नवरा गेला, पण कान शाबूत आहेत हे मी भेटेल त्याला ऐकवायची. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात पंख्याचं बेअरिंग किती दिवसांत जाणार ते सांगायची, आणि मग ते लोक मला पुन्हा बोलवायचे नाहीत. त्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. ऐकलं मीच आणि चुकलेही मीच.

विसाव्या वर्षी मी गाण्यांच्या कंपनीत लागले ती टेपांच्या नकला करायच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती. दोन यंत्रं आणि एक स्टूल. एका यंत्रावर मूळ टेप लावायची, दुसऱ्यावर कोरी, आणि नक्कल उतरेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तोंड मिटणं मला जन्मात जमलेलं नाही, म्हणून सगळे मला टेपबाई म्हणायचे. एकदा सुरू झाली की संपेपर्यंत थांबत नाही, असं.

त्याच वर्षी भोंगा आला. आमच्या भाषेत रॉक अँड रोल गाणारा पहिला माणूस. लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. एकदा तिथला जेवणाच्या सुटीचा भोंगा बंद पडला तेव्हा यानेच आरोळी ठोकली, आणि तिन्ही शेडमधली माणसं डबे घेऊन बाहेर आली. नाव तिथून पडलं. एका महिन्यात त्याची अठरा गाणी रेकॉर्ड झाली. मालकांनी ती ऐकली आणि नाक मुरडलं. "हा कुणाचा तरी काका वाटतो. काकाच्या गाण्यावर पोरी नाचतील का? जरा पळव गं याला."

पळवायचं म्हणजे नक्कल उतरवताना मूळ टेप जास्त वेगाने फिरवायची. गाणं जलद होतं, आवाज बारीक होतो, तिशी उलटलेला माणूस अठरा वर्षांचा होतो. बटण मी फिरवलं. मालक पाठीशी उभे राहून म्हणत होते, "अजून. अजून थोडं. बस्स!" बटणावर आकडे नव्हते, आणि कुठे थांबले ते मी कुठेही टिपून ठेवलं नाही. पुढच्या वर्षी मूळ टेपांवर साबणाच्या जाहिराती भरल्या. टेप पुसून पुन्हा वापरायची तेव्हा पद्धतच होती.

रेकॉर्डी धडाधड खपल्या. मग भोंगा पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला. मी तिसऱ्या रांगेत होते. त्याने तोंड उघडलं आणि तो भरदार, खोल आवाज आला तशी सगळी सभा गप्प झाली. मग कुणीतरी ओरडलं, "हा तो नव्हे! खऱ्याला आणा!" तो माइकमध्ये म्हणाला, "अहो, मीच तो." लोक पोट धरून हसले. मागून बाटल्या आल्या. असे चार कार्यक्रम झाले, पाचवा झालाच नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले, हे मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

एकदा तो कंपनीत आला. मालकांनी त्याला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मी टेपांची चवड घेऊन चालले होते. त्याने मला थांबवून विचारलं, "ताई, माझ्या आवाजाला यांनी काय केलं हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी नुसत्या नकला करते." तो उठला, बाकावर हात फिरवून धूळ झटकल्यासारखं केलं आणि निघून गेला. पुन्हा कारखान्यात लागला. पुढे साठीला घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. म्हणजे रेकॉर्डीवर त्याचा आवाज नव्हता, आणि आता गळ्यातही राहिला नाही.

यावर पंचवीसेक वर्षं गेली. मालकांचा नातू कंपनीत बसला आणि त्याच्या डोक्यात आलं की भोंग्याच्या सगळ्या गाण्यांचा एक अल्बम काढावा. जुन्यांपैकी मीच तेवढी जिवंत, म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, "करते, पण एका अटीवर. गाणी त्याच्या मूळ वेगात निघाली पाहिजेत." वाटलं, हुज्जत घालावी लागेल. पण तो खुर्चीतून उठलाच. "खऱ्या आवाजात! आजी, हे आपण कव्हरवर घालू."

मूळ वेग शोधायचा कसा, त्याची एक युक्ती आमच्या धंद्यात आहे. भिंतीतली वीज एकाच सुरात गुणगुणत असते, सेकंदाला पन्नास हेलकावे. ती गुणगुण प्रत्येक जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बारीकशी उतरलेली असते. टेप पळवली की तीही वर चढते. तिला पुन्हा पन्नासावर आणलं की गाणाराही आपल्या जागी येतो. गिटारवरून काही कळण्यासारखं नव्हतं, कारण भोंगा गिटारच्या तारा स्वतःच्या गळ्याच्या सुराला लावायचा, आणि गळा रोज वेगळा. मी सगळ्यात चांगल्या राहिलेल्या रेकॉर्डी मिळवल्या, अकरा दिवस खपले, आणि अठराच्या अठरा गाण्यांतली गुणगुण पन्नासावर आणून बसवली. संगणकावर आकडा आला, उणे सहा, म्हणजे वेग शेकडा सहाने कमी. आवाज असा खाली उतरला की माझ्या अंगावर काटा आला. जाड, जड, थेट छातीतून येणारा. जिवात जीव आला म्हणतात तो काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

तो घेऊन मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूला. भोंगा सत्त्याऐंशी वर्षांचा, गळ्याला रुमाल, मांडीवर शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाजूला मटार सोलत बसलेल्या. मी स्पीकर मांडले. काय केलंय ते सांगितलं. त्याने पाटीवर लिहिलं, "तेव्हा पळवलं कुणी?"

पंचावन्न वर्षं मी या प्रश्नाला टाळत आले होते. मालकांचं नाव ओठावर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण म्हटलं, "दादा, बटण मी फिरवलं. बाकावर विचारलंत तेव्हा माहीत होतं मला. मी खोटं बोलले." आणि मला रडू फुटलं. चांगलं हमसून, नाक गळेपर्यंत.

त्याने पाटी पुसली. मग पाटीवर लिहिलं, "आधी लाव तरी."

मी लावलं. पहिलं गाणं त्याने डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्याला एक हात स्पीकरवर ठेवला. तिसरं चालू असताना वहिनी मटार तसेच टाकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाईंना भरून आलं असेल. भोंग्याने पाटी पुसली, बराच वेळ पेन्सिल धरून बसला, आणि लिहिलं, "हाच मी." खाली अजून लिहिलं, "आता रडू नको. चहा घे."

मी दोन कप घेतले. जिना उतरताना गुडघे दुखले नाहीत.

अल्बम निघायच्या नऊ दिवस आधी भोंगा गेला. झोपेतच. लोक म्हणाले, सुटला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मी निवांत होते. निदान ऐकून तरी गेला.

अल्बमची पेटी आली. कव्हरवर मोठ्या अक्षरांत "सगळी अठरा गाणी, खऱ्या आवाजात". आत एक पुस्तिका, जुन्या फोटोंची. नवव्या पानावरचा फोटो मी कधी पाहिला नव्हता. रेकॉर्डिंगच्या हॉलमागचं अंगण. भोंगा गिटार घेऊन पायरीवर बसलेला, ढोलवाला हसतोय, आणि कडेला दोन्ही कानांवर हात घेतलेली एक किडकिडीत पोरगी. ती मी. कोऱ्या टेपा पोचवायला त्या हॉलवर एकदाच गेले होते. मला गंमत वाटली, की बाई गं, कान कशाला झाकलेस? म्हणून भिंग घेतलं.

माझ्या मागे जनरेटर होता.

मग सगळं भडाभडा आठवलं. तो हॉल आम्हाला स्वस्तात मिळाला होता तोच मुळी त्यामुळे. त्या भागात दुपारभर वीज नसायची, म्हणून दुपारी तो कुणाला नको असायचा. अठराही गाणी दुपारची, जनरेटरवर केलेली. आणि तो जनरेटर म्हणजे दमेकरी म्हातारा. धापा टाकत सदा गरजेपेक्षा जोरात पळतो, असं सगळे म्हणायचे. त्याची गुणगुण पन्नास नव्हतीच. किती होती ते त्यालाच ठाऊक. मी एका खोट्या खुणेला धरून त्या माणसाचा आवाज बसवला होता. एकदा मालकांच्या सांगण्यावरून बिघडवला, आणि आता माझ्या शहाणपणाने.

नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आजी, लोक ऐकून रडतायत. कुणाला कळणार आहे? आता हाच खरा." वर म्हणाला, तब्येतीला जपा.

दोन आठवडे मी घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या आठवड्यात संगणक पिशवीत घातला आणि वहिनींकडे गेले. जिन्यातच भोंग्याचा आवाज आला, मी केलेला. वहिनींनी अल्बम लावून ठेवला होता. "दिवसभर असतो चालू," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं बोलायला आहे कोण?"

मी फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मुळीच आश्चर्य दाखवलं नाही.

"अगं, मला त्याच दिवशी कळलं. त्यांचा आवाज इतका जाड नव्हता. त्यात हसू असायचं, तू केलेल्यात ते पार बसून गेलंय. तिसऱ्या गाण्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. मग मला तिथे बसवेना."

"म्हणजे दादांनाही कळलं होतं?"

"स्वतःचा आवाज माणसाला कळत नाही होय?"

"मग 'हाच मी' का लिहिलं त्यांनी?"

"तू रडत होतीस ना." त्यांनी पदराने पाटी पुसली. ती अजून खुर्चीतच होती. "तू गेल्यावर मी भांडले. म्हटलं, एवढी वर्षं जीव टांगून बसलात आणि आता खोट्यावर सही करता? तर लिहितात कसे, 'पोरीला घरी तरी नीट जाऊ दे.'"

मला त्या खोलीत तोंड लपवायला जागा नव्हती. मेलेल्या माणसाची माफी मागता येत नाही, आणि त्याने तर ती आधीच देऊन टाकली होती, आपला आवाज देऊन.

पण एक वाट उरली होती. मी वहिनींचे हात धरले. "तुमच्या कानात आहे ना तो? मग तुम्हीच सांगा. मी गाणं लावते, हळूहळू वेग वाढवते. जिथे दादा येतील तिथे 'थांब' म्हणा. मी नातवाच्या उरावर बसून अल्बम पुन्हा काढायला लावीन." वहिनींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काही उजळलेलं पाहिलं. त्या सावरून बसल्या, डोळे मिटले.

मी खूप खालून सुरुवात केली आणि आकडा हळूहळू वर नेला.

"थांब."

उणे तीन. मी पटकन टिपलं. खात्रीसाठी दुसरं गाणं लावलं. वहिनी या वेळी बराच वेळ घुटमळल्या. "अजून. अजून थोडं. नाही गं, पुढे गेलीस. मागे घे. हां, थांब." उणे पाच.

"हे बरोबर वाटत नाही," त्या म्हणाल्या. "थांब जरा, मला आठवू दे." त्यांनी तोंडाने सूर लावून पाहिला, तो फाटला. मी पाणी दिलं. मग तिसरं गाणं लावलं, ज्याला त्या उठून गेल्या होत्या तेच. आकडा त्यांना दिसत नव्हता. मी अगदी सावकाश गेले.

"थांब!" वहिनींनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा फुलला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हा. हा बघ. हेच ते. हलवू नकोस आता."

मी आकड्याकडे बघितलं. उणे सहा. माझ्या अल्बमचाच आकडा.

चौथं गाणं लावलं, पाचवं लावलं. दर वेळी त्या झटकन थांबवत होत्या, आता जराही न अडखळता. उणे सहा, उणे सहा. तीन आठवडे दिवसभर तो अल्बम त्या घरात वाजत होता. जगात एकाच माणसाच्या कानात भोंगा उरला होता, आणि मी त्याच्यावरही नक्कल उतरवली होती.

वहिनी खुर्चीवर हात ठेवून ऐकत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सापडले ना गं?"

मी म्हटलं, "सापडले."