चाळीस दिवसांचे दोन पाहुणे

"अहो बाबा, फोन वाजतोय, उचला की!" सून शेडमधून ओरडली. तिचे दोन्ही हात फिनेलात होते.

बाबांनी फोन उचलला, पण कानाला लावायचा धीर होईना. डुकरांच्या तापाची साथ आली आणि आठवड्यात त्यांचं भरलेलं शेड रिकामं झालं. मग सहा महिने नुसती घासपूस. शेवटी नियमाप्रमाणे परीक्षेपुरती दोनच डुकरं आत सोडली. चाळीस दिवस ती जगली आणि त्यांचं रक्त स्वच्छ निघालं, तर नवी पिल्लं आणायची. नाहीतर धंद्याला रामराम. सुनेनं त्या दोन पाहुण्यांची अशी बडदास्त ठेवली होती, की जावयांनी हेवा करावा. आज चाळिसावा दिवस.

"आजोबा, ऐकताय ना?" पलीकडून जनावरांच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या. "दोन्ही रिपोर्ट स्वच्छ! आणा पिल्लं!"

बाबांनी अशी आरोळी ठोकली, की सून बादली टाकून धावतच बाहेर आली.

"खरंच? वीस आणू या!"

"वीस कशाला? तीस!"

"अहो, अंथरूण पाहून पाय पसरा!" सून हसता हसता रडायला लागली. "चला, आधी आत चला. तुमच्या पाहुण्यांना सांगू या."

बाबा दारातच थबकले. साथीनंतर त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. म्हाताऱ्यानं धसका घेतलाय, असंच सगळे समजत होते. पण आजच्या आनंदात त्यांना पोटातली गोष्ट पोटात ठेववेना.

"पोरी, ती सगळी डुकरं माझ्यामुळे गेली गं. हॉटेलातल्या उरलेल्या अन्नात रोग असू शकतो, ते उकळून घालायचं असतं. एका सकाळी कंटाळा केला मी, तसंच ओतलं. आठव्या दिवशी पहिली डुकरीण पडली."

"ठाऊक आहे मला. त्या सकाळी शेगडी थंडगार होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

ती आत गेली आणि कोरे गमबूट घेऊन आली. बाबांच्याच मापाचे.

"घाला. तीस पिल्लं मला एकटीला झेपायची नाहीत."

बाबांना बूट चढवायला वेळ लागला. मग दाराशी जंतू मारायच्या औषधाच्या पाण्याचा उथळ हौद होता, त्यात ते दोन्ही पायांनी उभे राहिले.

"झालं, बाबा. या आता आत."

"या वेळी कंटाळा नाही," म्हणत बाबा आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.