मिनिस्त्रोच्या जागी

मापोयो भाषा बोलणारी दोनच माणसं उरलीत आणि दोन्ही माझ्याच घरात राहतात. माझी आजी पेत्रोनिला आणि माझे बाबा एलेउतेरिओ. अडचण एवढीच, की आजी बाबांची सासू लागते, आणि आमच्यात सासू-जावयानं एकमेकांशी बोलणं म्हणजे भर चौकात कपडे काढणं.

आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती वारल्यावर ते खातं कुत्र्याकडे आलं. दिवसभर झोपायचा म्हणून त्याचं नाव मिनिस्त्रो, म्हणजे मंत्री. आजी त्याला मापोयोत म्हणायची, "मिनिस्त्रो, त्या माणसाला विचार, हा मासा आहे की उरलेलं आमिष?" बाबा शेजारूनच उत्तर द्यायचे, "मिनिस्त्रो, म्हातारीला सांग, दात आले की मोठा आणतो." मिनिस्त्रो शेपूट हलवायचा.

मला सगळं समजायचं, कुत्र्याइतकंच. पण माझ्याशी दोघं स्पॅनिशच बोलायचे. "तुला काय करायचीय ही भाषा?" आजी म्हणायची. कुत्र्याला काय करायची होती, हे तिनं कधी सांगितलं नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा तरी कुणी माझ्याशी मापोयोत बोलावं.

मग मिनिस्त्रोला साप चावला. त्याला पुरलं आणि दुसऱ्याच दिवशी काराकासहून प्राध्यापक बाई रेकॉर्डर घेऊन आल्या. "तुम्ही दोघं नेहमीसारखं बोला," बाई म्हणाल्या. दोघं आपापल्या बाजूच्या ओरिनोको नदीकडे बघत बसले.

"संवाद मिळाला नाही, तर अहवालात 'भाषा मृत' लिहावं लागेल."

"आणि आम्ही?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासाठी वेगळं खातं आहे."

मी उठलो आणि दोघांच्या मध्ये, मिनिस्त्रोनं अंग घासून केलेल्या खळग्यात जाऊन बसलो. आजीनं मला बराच वेळ न्याहाळलं. मग कानामागे खाजवलं.

"मिनिस्त्रो, त्या माणसाला सांग, कुत्रा मेला म्हणून घरात कसाबेची कोरडी भाकरी खायची नसते. मासे आण म्हणावं."

"मिनिस्त्रो, सांग तिला, तुझ्यासाठी खड्डा मी खणलाय. हात दुखतायत."

इथे मी शेपूट हलवायला हवी होती. पण तोंडून मापोयोच निघाली. "आजी, खड्डा मी खणला."

आजी ताडकन उठली. "जावईबापू, हा बोलला!"

"ऐकलं, सासूबाई! आणि माझ्याविरुद्ध बोलला!"

मग आपण काय केलं ते दोघांच्या लक्षात आलं. बाबा कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. आजीनं तोंडावर फडकं ओढलं.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "हेच पुन्हा एकदा बोला. मध्येच कोंबडा आरवला."

फडक्याखालून मापोयोत आवाज आला, "मिनिस्त्रो, या बाईला सांग, आजच्यापुरती एवढी बेअब्रू पुरे."

माझं नाव फ्लोरेन्सिओ आहे. पण निरोप माझ्याकडेच दिला होता. मी बाईंकडे गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. मापोयोत.