ताटली डावीकडे का फिरली

जेवणाच्या सुट्टीची घंटा होऊन दहा मिनिटं झाली, तरी धुलाईच्या कारखान्यातल्या त्या खोलीत कुणी डबा उघडला नव्हता. पंचवीस-तीस माणसं मायक्रोवेव्हसमोर दाटीवाटीने हात जोडून उभी होती. आत दिवा लागला होता, घरघर चालू होती, पण काचेची ताटली जागची हलत नव्हती.

"कोप झालाय," ताटलीमामा गंभीरपणे म्हणाले. "कुणीतरी मनात शंका आणली."

सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं.

ताटलीमामा हे खरं तर कामाच्या पाळ्या लावणारे कारकून. वर्षभरापूर्वी त्यांच्या ध्यानात आलं की ही ताटली कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. दुसऱ्या कुणी ते बघून डबा गरम करून घेतला असता. मामांनी त्याचं देवस्थान केलं. उजवीकडे म्हणजे 'हो', डावीकडे म्हणजे 'नाही'. विचारणाऱ्याने प्रश्न मामांच्या कानात सांगून आपला डबा त्यांच्या हाती द्यायचा. तो ठेवायचा मामांनी, बटण दाबायचं मामांनी आणि दार उघडायचंही मामांनीच. लग्न करू का, घर बदलू का, सगळं तिथे ठरायचं. कधी मधेच आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि ताटली उलटी फिरायची. याला मामा 'वरची टिचकी' म्हणायचे. "बघा, विचार बदलला! तुमच्या भल्यासाठी बदलला!" असं म्हणून ते झटकन दार उघडायचे. औषधोपचाराला 'नाही' आलं, की मामांच्या कपाटात त्याच ओव्हनमध्ये तापवलेल्या पाण्याच्या बाटल्या तयार असायच्या. अर्थात, फुकट नव्हे.

ओव्हन दुरुस्त करायला बोलावलेला मिस्त्री पिशवी घेऊन आत आला तेव्हा गर्दीने त्याला नाइलाजाने वाट दिली. पन्नाशीला आलेला माणूस, वीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करत होता आणि त्यांच्यावर बसलेली भुतं उतरवत होता. घाम फुटणारी तसबीर भिंतीतल्या गळक्या नळीमुळे ओली होते, हे त्याने एका आळीत दाखवून दिलं होतं. लोकांनी त्याचे आभार मानले आणि पुढच्या आळीतल्या तसबिरीपुढे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून त्याचा उत्साह पार आटला होता. आजही मुकाट्याने मोटार बदलून तो निघून गेला असता. पण गर्दीत पहिल्याच रांगेत त्याची ताई उभी होती.

ताई इथे चादरींना इस्त्री करायची. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी काढायला सांगितली, तारीखही दिली. ताईने ताटलीला विचारलं. ताटली डावीकडे फिरली आणि ताई गेलीच नाही. तीन आठवडे ती बाटलीतलं पाणी पीत होती. दुसरी तारीख उद्याची होती. मिस्त्रीने घरी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

"मिस्त्री, जपून हं," मामा म्हणाले. "आत शक्ती आहे."

"आत मोटार आहे," मिस्त्री थकल्या आवाजात म्हणाला.

त्याने प्लग काढला, ताटली बाहेर ठेवली, ओव्हन आडवा करून तळाचा पत्रा उघडला. दोन वायरी, एक स्क्रू आणि बिस्किटाएवढी चपटी मोटार. ती त्याने सर्वांसमोर उघडली. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे अर्धे दात उडाले होते.

"रोज कशावर तरी आपटायची ही," तो म्हणाला. "त्याशिवाय असे दात जात नाहीत."

पिशवीतल्या खोक्यातून नवी मोटार काढून त्याने बसवली, पत्रा लावला आणि ताटलीच्या मधोमध पाण्याचा कप ठेवला. "आता काहीही विचारू नका. नुसतं मोजा."

त्याने दहा वेळा ओव्हन चालू-बंद केला. लोक आधी दबून आणि मग मोठ्याने बोलू लागले. उजवी, डावी, डावी, उजवी. सहा वेळा उजवी, चार वेळा डावी.

"पण कुणी काही विचारलंच नाही!" एक बाई म्हणाली.

"तेच तर! या मोटारीला दिशाच नाही. वीज आत शिरते त्या क्षणी ज्या बाजूला वाट सापडेल त्या बाजूला ती सुटते. अन्न कुठूनही फिरलं तरी गरम होतं, म्हणून बनवणाऱ्यांनी फिकीर केली नाही. आणि वाटेत काही अडलं, तर ती उलटी फिरते."

त्याने एक लांबट डबा मागून घेतला आणि मामा ठेवायचे तसा जरा कडेला, एक कोपरा ताटलीबाहेर येईल असा ठेवला. ताटली निघाली. कोपरा भिंतीला लागला. टक्! ताटली उलटी फिरली. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा उलटी.

"ही तुमची टिचकी. मामांना हवं ते उत्तर पहिल्यांदाच आलं की ते दार उघडतात. नाही आलं, की आपटेपर्यंत थांबतात."

मामा लाल झाले. "नवी मोटार कोरी आहे! तिच्यावर अजून संस्कार झालेले नाहीत!"

कुणीतरी फिसकन हसलं. पण सगळे हसले नाहीत. दोघेतिघे अजूनही हात जोडून होते. त्यांच्याकडे बघून मिस्त्रीला वाटलं, नको हे, घरी जावं आणि झोपावं.

तेवढ्यात ताई पुढे आली. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"छोट्या, माझ्या वेळी आधी उजवीकडे फिरली होती. मग टिचकी बसली. म्हणजे... खरं उत्तर 'हो' होतं?"

एका शब्दाचं काम होतं. मिस्त्रीने नुसती मान हलवली असती तरी ताई उद्या दवाखान्यात पोचली असती. हा इतका सोपा उपाय समोर होता. पण मग पुढच्या तपासणीला काय? ती पुन्हा कुठल्यातरी ताटलीपुढेच उभी राहिली असती.

"नाही, ताई," तो म्हणाला. "ते 'हो'ही नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. तुझ्याबद्दल या ओव्हनला काहीच माहीत नाही."

"मग मी कुणाला विचारू?" ताईचा आवाज चढला. "डॉक्टर काय देव आहेत?"

"नाहीत. तेही चुकतात. पण त्यांना 'कशावरून?' म्हणून विचारता येतं. ते फोटो दाखवतील, तपासणीचा कागद दाखवतील. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. ज्याला 'कशावरून' विचारलं की कोप होतो, त्याच्या हाती आपला जीव देऊ नये. बाकी मला काही सांगता येत नाही बघ. मला फक्त भीती वाटतेय, आणि तू मला हवी आहेस."

ताई खाली बघत राहिली. तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण चेहरा रागावलेला होता. राग कुणावर, ते मामांना कळलं असावं. ते दोन पावलं मागे सरले.

"मामा," ती म्हणाली, "उद्यापासून माझी रजा लिहा."

"कारण काय लिहू?" मामांनी सवयीने विचारलं.

इतके दिवस तिने ही गोष्ट मामांखेरीज कारखान्यात कुणाच्या कानावर घातली नव्हती. आता भरल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "छातीत गाठ आहे. काढायला जातेय."