चुंबकाला चिकटणारा मासा

मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर उभ्या लोहबाबाने माशाचा पातळ तुकडा मंत्राच्या काळपट पाण्यात बुचकळला, वर चुंबक धरला, आणि तुकडा टुणकन उडी मारून त्याला चिकटला!

"बघा, मांसातलं लोह जागं झालं! अंगात रक्त कमी आहे? हा मासा खा, गोळ्या फेका!"

आमची वस्ती भंगाराच्या कारखान्यावर जगणारी. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, ही परीक्षा आम्ही दिवसभर करतो. त्यामुळे अक्कल गहाण टाकायला कुणाला वेळ लागला नाही. मी त्या कारखान्यातला मुकादम. मला या बाबाचा तिटकाराच होता. आणि रांगेत सगळ्यांत पुढे माझी धाकटी बहीण! पोटुशी, चेहरा पांढराफटक.

"अगं, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या?"

"दिल्या टाकून. आता रोज हाच मासा खाते. दादा, डोळ्यांनी दिसतंय तरी तुझं आपलं काहीतरीच!" एवढं बोलतानाही तिला धाप लागली. मी थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई आल्या त्या स्वच्छ पाण्याचं पातेलं घेऊनच. बाबाचा चिकटलेला तुकडा त्यांनी त्यात खळखळून धुतला. मग चुंबक लावला. तुकडा ढिम्म हलेना. पातेल्याच्या तळाशी मात्र काळी भुकटी बसली होती, ती चुंबकाकडे धावली. आमच्याच कारखान्यातला लोखंडाचा बारीक भुगा!

"तुम्ही मंत्र धुऊन टाकलात!" बाबा किंचाळला.

"माशाच्या मांसात लोह असतं, पण अगदी थोडं आणि इतर घटकांशी जखडलेलं. चुंबक ते ओढत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तातही लोह आहेच की. चिकटा बघू!" त्यांनी चुंबक त्याच्या दंडाला लावला. गर्दी खो खो हसली आणि बाबाने धूम ठोकली.

बहीण हसली नाही. पोटावर हात ठेवून तिने विचारलं, "बाई, मी तो भुगा खाल्ला. बाळाला काही...?"

"चल, आधी तुझं रक्त तपासू." बाईंनी खोटा धीर दिला नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मासे खुशाल खा. पण आजारी माणसाला औषध फेकायला लावणारा कुणी भेटला, तर त्याच्या पाया पडण्याआधी म्हणा, धुऊन दाखव. आम्ही एवढी माणसं खिशात चुंबक घेऊन तिथे उभी होतो. एकालाही ते सुचलं नाही.